दोन लिटरांत बसणारा फ्रान्स

गोंदिया, तिरोडा, आमगावकडची मुलं आता शिक्षणा-नोकरीसाठी युरोपातही जातात. पॅरिसहून सुट्टीवर येताना त्यांतलं कुणी काकासाठी, सासऱ्यांसाठी वाइनची बाटली आणतं. ती बहुतेक वेळा विमानतळावरच्या दुकानातून, निघायच्या अर्ध्या तासात घेतलेली असते. सोनेरी अक्षरांचं लेबल, ओळखीचं नाव, जाड पुठ्ठ्याची पेटी. पुढं कधीतरी तीच बाटली मुंबईच्या किंवा नागपूरच्या मोठ्या दुकानात दिसते आणि सात हजार किलोमीटर सांभाळून आणल्याचं चीज झालं नाही असं वाटतं.

इकडे फ्रान्सच्या एखाद्या डोंगराळ गावात लोक रोजच्या जेवणाबरोबर जी वाइन पितात, ती पॅरिसच्या दुकानांतही शोधावी लागते. भारतात तर तिचं नावही कुणी ऐकलेलं नसतं. चवीत ती विमानतळावरच्या बाटलीहून कमी असते असं मुळीच नाही. मग एक वाइन जगभर पोचते आणि दुसरी गावाची वेस ओलांडत नाही, असं का होतं? हे कळलं की फ्रान्सहून काय आणावं याचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं. उरलेलं उत्तर गोंदियाच्या उन्हाळ्यात आहे.

दुकानात काय पोचतं, हे कोण ठरवतं?

आधी आपल्या बाजूनं पाहू. परदेशी वाइनवर भारतात वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क राहिलं आहे. त्यावर राज्याचे कर. शिवाय मद्य हा राज्यांचा विषय असल्यानं प्रत्येक राज्यात प्रत्येक लेबलची वेगळी नोंदणी करावी लागते, तिची फी भरावी लागते आणि मुदत संपली की पुन्हा भरावी लागते. आयात करणाऱ्याच्या जागी बसून विचार करा. एका लेबलच्या हजारो बाटल्या विकल्या जाणार असतील तर ही फी दर बाटलीमागं किरकोळ पडते. पण ज्या वाइनच्या वर्षाला शंभर बाटल्याच मिळणार, तिची नोंदणी करणं म्हणजे घरचे पैसे घालणं. म्हणून तो लाखांनी तयार होणारी, नाव गाजलेली वाइनच आणतो. चवीचा प्रश्न तिथं येतच नाही.

आता फ्रान्सच्या बाजूनं. तिथं १९३५ पासून वाइनच्या प्रदेशांना कायद्यानं बांधून दिलेल्या सीमा आहेत. कुठल्या शिवारात कुठली द्राक्षं लावायची, हेक्टरी किती उत्पादन घ्यायचं, वाइन किती काळ मुरवायची, हे सगळं त्या त्या प्रदेशाच्या नियमांत असतं. हेक्टरी ५० हेक्टोलिटरची मर्यादा धरली तर ५,००० लिटर, म्हणजे साधारण ६,६०० बाटल्या होतात. चार हेक्टरांचा शेतकरी जास्तीत जास्त पंचवीसेक हजार बाटल्या भरणार, त्याही पाच-सहा प्रकारांत विभागलेल्या. त्यांतल्या बऱ्याचशा दारात येणारी जुनी गिऱ्हाइकं आणि जवळपासची हॉटेलं घेऊन जातात. परदेशी पाठवायला उरतंच काय?

त्यात वाटण्यांची भर पडते. नेपोलियनच्या काळातल्या वारसा कायद्यानं सगळ्या मुलांना सारखा वाटा मिळू लागला आणि बर्गंडीतल्या बागांचे तुकडे होत गेले. क्लो द वूजो ही दगडी भिंतीनं वेढलेली एकच बाग. क्षेत्र सुमारे ५० हेक्टर आणि मालक ८० च्या आसपास. सातबाऱ्यावर नावांची रांग लागलेली आपण रोज पाहतो, त्यामुळे हे समजायला आपल्याला वेळ लागत नाही. काहींच्या वाट्याला तिथं द्राक्षवेलींच्या मोजक्या ओळी येतात आणि त्यांची वर्षाची वाइन काही पिंपांत संपते.

म्हणजे दुर्मीळ वाइनचे दोन प्रकार झाले. एक पैशानं दुर्मीळ. रोमाने-काँतीची बाग दोन हेक्टरांनाही पुरत नाही आणि सगळं जग तिच्या मागं असतं. बाटलीची किंमत लाखांत जाते. दुसरा प्रकार सवयीनं दुर्मीळ. ती वाइन मुलूखभर प्यायली जाते, किंमत बेताची असते, पण बाहेरच्यांना माहीत नसल्यानं तिला मागणी नाही आणि मागणी नाही म्हणून ती कुणी बाहेर नेत नाही. प्रवाशानं शोधायची ती ही दुसरी. पहिलीचं ओझं घरी आणण्यात नावाखेरीज काही हाती लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे आपल्याला मोहावरून कळतं

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या पट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली माणसं वाकलेली दिसतात. रात्रभर टपटपलेली पांढुरकी, रसाळ फुलं टोपल्यांत गोळा होतात, अंगणात वाळून तांबूस-तपकिरी होतात. पुढं ती भिजवून, आंबवून, उकळत्या भांड्यातून वाफ काढून दारू केली जाते. वाइन आणि मोहाची दारू एक नव्हेत, हे आधीच सांगतो. वाइन म्हणजे आंबवलेला द्राक्षरस आणि मोहाची ऊर्ध्वपातनानं काढलेली. पण स्थानिक चव का घडते आणि ती गावातच का राहते, हे दोन्हीकडे सारखंच आहे. फुलं किती वाळली, किती दिवस भिजली, पाणी कुठल्या विहिरीचं, यावर एका गावची चव पुढच्या गावाहून वेगळी होते. आणि ती बाहेर जात नाही, कारण ती थोडी असते, तिला लेबल नसतं आणि परवान्याशिवाय ती गाळणं हा गुन्हा आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यावरचे निर्बंध उठवले, तेही फुलांपुरतेच.

फ्रान्सनं नेमकं इथं वेगळं केलं. गावच्या चवीला कायद्यानं गावाचं नाव दिलं आणि लहान शेतकऱ्याला स्वतःच्या घरात बाटली भरून विकायचा हक्क दिला. म्हणून तिथली गावठी चव आपण पावतीसह विकत घेऊन आणू शकतो.

मोहाचं आणि फ्रान्सचं एक जुनं नातंही आहे. १८६० नंतर फिलॉक्सेरा नावाचा, अमेरिकेतून आलेला, मुळं खाणारा बारीक किडा फ्रान्सच्या बागांत शिरला आणि काही दशकांत त्यानं बागांच्या बागा वाळवल्या. द्राक्षं कमी पडली, मद्यार्काची टंचाई झाली, तेव्हा हिंदुस्थानातून सुकी मोहफुलं जहाजांनी फ्रान्सला जात आणि तिथं त्यांतून मद्यार्क काढला जाई. पुढं किड्याला दाद न देणाऱ्या अमेरिकन मुळांवर फ्रेंच वेलींची कलमं बांधून बागा पुन्हा उभ्या राहिल्या.

उष्णता बाटलीत काय करते?

वाइन निवडताना लोक प्रदेश पाहतात, वर्ष पाहतात. गोंदियात बाटली नेणाऱ्यानं त्याआधी तापमापक पाहावा. मे महिन्यात इथं पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीत त्याहून कितीतरी वर. वाइन साधारण १२ ते १५ अंशांत शांत राहते.

उष्णतेचं पहिलं काम निव्वळ भौतिक आहे. पातळ पदार्थ तापला की फुगतो. ७५० मिलिलिटर वाइन २० अंशांवरून ४० अंशांवर गेली की साधारण चहाचा चमचाभर वाढते. बुचाखाली हवेची जागा तेवढीच थोडी असते. ती हवा दाबली जाते, बूच वर सरकतं, कडेनं वाइन झिरपते. रात्री बाटली गार झाली की वाइन आकसते आणि त्याच वाटेनं बाहेरची हवा आत ओढली जाते. बाटलीच्या मानेवरचं आवरण चिकट लागलं किंवा बूच काठाच्या वर आलेलं दिसलं तर आत काय झालं असेल ते समजावं.

दुसरं काम रासायनिक. वाइनमध्ये शेकडो संयुगं असतात आणि ती एकमेकांशी व हवेतल्या प्राणवायूशी सावकाश क्रिया करत असतात. मुरणं म्हणतात ते हेच. ढोबळ हिशेबानं तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग दुपटीच्या घरात जातो. पण सगळ्यांचा वेग सारखा वाढत नाही. ताज्या फळांचे, फुलांचे वास आधी उडतात आणि शिजवलेल्या फळांचा, जॅमसारखा वास उरतो. म्हणजे उन्हात लवकर मुरली असं न होता वाइन वेगळ्याच वाटेनं जाते.

ज्या वाइनचं सगळं सौंदर्य ताजेपणात आहे ती यात पहिली मरते. साव्हाच्या डोंगरांतली जाकेर द्राक्षांची हलकी पांढरी वाइन तिथं बसून प्यावी. इथवर आणू नये. गंधकाचं संयुग न घालता केलेल्या, हल्ली ‘नैसर्गिक’ म्हणून गाजणाऱ्या वाइनही आणू नयेत. ते संयुग वाइनला प्राणवायूपासून आणि जंतूंपासून राखतं; ते नसेल तर बाटली सतत थंडाव्यात लागते. फसफसणाऱ्या शांपेनच्या बाटलीत आधीच सुमारे सहा वातावरणांचा दाब असतो, त्यात उन्हाची भर नको. जुनी, नाजूक बर्गंडी तर मुळीच नको.

ऊन आणि हवा आधीच सोसलेल्या वाइन

मग आणायचं काय? माझं उत्तर असं : जी वाइन घडतानाच हवेला किंवा उन्हाला सामोरी गेली आहे, ती. बिघडवणाऱ्या गोष्टी तिनं आधीच पचवलेल्या असतात. अशा वाइन फ्रान्समध्ये आहेत आणि नशिबानं त्याच सवयीनं दुर्मीळ आहेत.

त्यांतली माझी आवडती व्हँ जोन, म्हणजे पिवळी वाइन. स्वित्झर्लंडच्या सीमेलगतच्या जुरा प्रदेशात साव्हान्यँ नावाच्या पांढऱ्या द्राक्षांपासून ती करतात. आर्ब्वा हे तिथलं गाव लुई पाश्चरचं. त्याचं बालपण तिथं गेलं आणि वाइन का बिघडते याचा अभ्यास त्यानं तिथल्याच वाइनवर केला. एरवी ओकच्या पिंपात वाइन मुरत असताना थोडी थोडी उडून जाते आणि हवा शिरू नये म्हणून पिंप वरचेवर भरत राहतात. व्हँ जोनमध्ये मुद्दाम भरत नाहीत. रिकाम्या होत जाणाऱ्या जागेत वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टचा पातळ, सुरकुतलेला पडदा धरतो. हा जिवंत पडदा प्राणवायू स्वतः वापरतो, खालच्या वाइनपर्यंत बेताबेतानं पोचू देतो आणि तिला व्हिनेगर होऊ देत नाही. असं सहा वर्षं तीन महिने चालतं.

या काळात वाइनमध्ये सोटोलॉन नावाचं संयुग तयार होतं. आपल्या मेथीदाण्याला जो वास आहे तोही याच संयुगाचा. म्हणून व्हँ जोनच्या पेल्यावर नाक नेलं की अक्रोड, मेथी आणि मसाल्याच्या डब्याची आठवण येते. फ्रेंच माणसाला ही वाइन समजायला वेळ लागतो असं म्हणतात. आपलं नाक मेथीला सरावलेलं असल्यानं आपल्याला ती परकी वाटू नये.

सहा वर्षांत लिटरमागं ६२० मिलिलिटर उरतात, असं तिथली परंपरा सांगते आणि म्हणून तिची क्लाव्हलँ नावाची बुटकी, रुंद खांद्यांची बाटली बरोबर ६२० मिलिलिटरची असते. शातो-शालों या टेकडीवरच्या गावची व्हँ जोन सर्वांत मानाची. द्राक्षं मनासारखी झाली नाहीत तर ते गाव त्या वर्षी त्या नावानं वाइनच काढत नाही. १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ या वर्षांची शातो-शालों अस्तित्वात नाही. ही वाइन किती टिकते? २०१८ मध्ये १७७४ सालच्या बाटल्यांचा लिलाव झाला आणि एकीला एक लाख युरोंहून अधिक किंमत आली. आपल्याला अर्थातच चालू वर्षांतली पुरे.

दुसरी निवड दक्षिणेची. स्पेनच्या सीमेलगत रूसियों प्रदेशात रिव्हसाल्त, मोरी, बान्युल्स या गोड वाइन होतात. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात तीव्र मद्यार्क घालतात. यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते आणि वाइन १५ टक्क्यांच्या वर जाते. पुढं काही शेतकरी ही वाइन मोठ्या काचेच्या बरण्यांत भरून उघड्यावर, चक्क उन्हात ठेवतात. दिवसा तापते, रात्री निवते, ऋतू पाहते आणि हळूहळू तिला सुकं अंजीर, कॉफी, कोको यांचा वास येतो. साखर, मद्यार्क आणि उन्हाची सवय या तिन्हींमुळे हिला प्रवासाची भीती नसते. वीस-तीस वर्षं जुनी रिव्हसाल्त अजूनही त्याच वयाच्या बोर्दोच्या तुलनेत फार कमी पैशांत मिळते, कारण गोड वाइनची फॅशन ओसरली आहे. ही संधी साधावी.

जागा उरली तर जुराचीच व्हँ द पाय. द्राक्षं किमान सहा आठवडे जाळीवर किंवा टांगून सुकवतात, मग पिळतात. रस इतका थोडा निघतो की ती ३७५ मिलिलिटरच्या अर्ध्या बाटलीत येते.

चौकट : दोन लिटरांचा हिशेब

भारतात येणाऱ्या प्रवाशाला सर्व प्रकारचं मद्य मिळून २ लिटरपर्यंत शुल्काविना आणता येतं.

नेहमीच्या ७५० मि.लि.च्या बाटल्या : २, म्हणजे १,५०० मि.लि. (अर्धा लिटर वाया)
व्हँ जोनच्या ६२० मि.लि.च्या बाटल्या : ३, म्हणजे १,८६० मि.लि.
व्हँ जोन १ + रिव्हसाल्त ७५० मि.लि. १ + व्हँ द पाय ३७५ मि.लि. १ : १,७४५ मि.लि.

यावर गेलं की जबर शुल्क. जास्तीची बाटली लपवू नये. जाहीर करून पैसे भरावेत.

फ्रान्समध्ये बाटली कशी ओळखावी?

जुरापर्यंत जाणं जमलं तर उत्तम. शेतकऱ्याला आधी फोन करून गेलं की तो पिंपांपाशी नेऊन चव देतो. जमलं नाही तर पॅरिसमधल्या वाइनच्या छोट्या, मालक स्वतः गल्ल्यावर असलेल्या दुकानात जावं. तिथं ‘चांगली बाटली द्या’ असं न म्हणता ‘जी निर्यात होत नाही आणि गरम हवेचा प्रवास सोसेल अशी द्या’ असं सांगावं. प्रश्न नेमका असला की दुकानदार मनापासून शोधतो.

बाटली हातात आली की लेबल सावकाश वाचा. ‘मीझ आँ बुतेय ओ दोमेन’ असं लिहिलं असेल तर वाइन जिथं पिकली तिथंच भरली आहे. अनेक बाटल्यांच्या झाकणाच्या टोपीवर गोल शिक्का असतो; त्यात ‘आर’ हे अक्षर असेल तर भरणारा स्वतः द्राक्षं पिकवणारा आहे, ‘एन’ असेल तर व्यापारी. खांद्यावर पिंप घेतलेल्या माणसाचं चित्र दिसलं तर ती फ्रान्सच्या स्वतंत्र द्राक्ष-शेतकऱ्यांच्या संघटनेची खूण आहे. याच संघटनेचं मोठं प्रदर्शन पॅरिसला नोव्हेंबरच्या अखेरीस भरतं. शेकडो शेतकरी आपापल्या बाटल्या घेऊन स्वतः उभे असतात. डिसेंबरात घरी यायचं असेल तर याहून सोयीची जागा दुसरी नाही.

विमान, वर्धा आणि परवाना

बाहेरून घेतलेली १०० मिलिलिटरहून मोठी बाटली विमानतळावरच्या तपासणीत हातातल्या सामानात चालत नाही, म्हणून ती सुटकेसमध्येच. सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो, त्यामुळे बूच उडत नाही. प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, मग जाड पँटच्या पायात, आणि सुटकेसच्या मधोमध. कडेला कधीच नाही.

मुंबईहून पुढचा रस्ता विचारपूर्वक निवडावा. विदर्भ एक्सप्रेस थेट गोंदियाला येते, पण ती वर्ध्यावरून येते आणि वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. समृद्धी महामार्गही वर्ध्यातूनच जातो. आपल्या शेजारच्या गडचिरोलीतही १९९३ पासून बंदी आहे, तेव्हा गोंदियात उतरून तिकडच्या नातेवाइकांकडे बाटली नेण्याचा विचारही करू नये. मुंबई-नागपूर विमान आणि पुढं भंडाऱ्यावरून गोंदिया हा मार्ग बिनघोर. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तो काढलेला असावा आणि फ्रान्समधली खरेदीची पावती बाटलीबरोबर ठेवावी.

येण्याचा महिना हाती असेल तर डिसेंबर-जानेवारी. नागपूर स्टेशनवर बाटली तासभर ताटकळली तरी काही बिघडत नाही. मे महिन्यात आलात तर तिला गाडीच्या डिकीत ठेवून रस्त्यात जेवायला उतरू नका.

घरी आल्यावर

प्रवासाच्या हादऱ्यांनी वाइन काही दिवस मिटल्यासारखी लागते. दोन आठवडे तिला हलवू नये. आपल्याकडं तळघर नसतं, तेव्हा फ्रिजचा सर्वांत खालचा कप्पा बरा. ताज्या, नाजूक वाइनला महिनोन्‌महिने तिथंही ठेवू नये, पण या वाइनना चालतं. स्वयंपाकघरातला ओटा, पश्चिमेच्या भिंतीचं कपाट आणि दिवाणखान्यातली काचेची शोकेस या तीन जागा टाळाव्यात. शोकेसमध्ये उष्णतेबरोबर प्रकाशही लागतो आणि पांढऱ्या काचेतली वाइन प्रकाशानं काही दिवसांतही बिघडू शकते.

व्हँ जोन फार गार पिऊ नये. फ्रिजमधून काढून तासभर तरी बाहेर ठेवावी, म्हणजे वास मोकळा होतो. जुरात ती मलईत शिजवलेल्या कोंबडीबरोबर आणि मोरेल नावाच्या रानातल्या अळिंबीबरोबर पितात. आपल्याकडं पावसाळ्यात वारुळांवर सात्या नावाच्या अळिंब्या उगवतात, त्यांची कमी तिखट, जास्त लसणाची भाजी आणि चिन्नोर तांदळाचा भात यांच्याशी ती उत्तम जमावी. उघडलेली बाटली त्याच रात्री संपवायची घाई नको. हवेची सवय तिला सहा वर्षांची असते. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर काही आठवडे ती चांगली राहते, आणि तेवढ्यात सात्यांचा बाजार आणखी दोनदा तरी भरतो.